खोडलेलं ५.२८

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने फार्मसीला जावं असं मी ठरवलं आहे, पण केमिस्ट्रीत ७० पैकी ३८ मिळाले. रोज रात्री मी तिची वही तपासतो. सोबत टायट्रेशनच्या (आम्ल थोडं थोडं घालत अमोनिया मोजण्याच्या) गणिताचं पान पाठवतोय. २५ मिली ०.१ मोलर अमोनिया, त्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही पूर्ण संपले की पीएच ७, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. हिने ५.२८ लिहिलं! रागावलो तेव्हा दुरुस्त केलं. हिला केमिस्ट्री झेपणार नाही असं वाटतं. शाखा बदलावी का? – एक वडील

उत्तर : तिचं उत्तर बरोबर होतं. तुमचं चुकलं.

हे आधी सांगितलं, कारण पत्रातल्या ३८ गुणांपेक्षा मला त्या पानावरच्या खाडाखोडीची जास्त काळजी वाटते. खोडलेल्या ओळींमधून तिची आकडेमोड अजून वाचता येते. पायरी न पायरी बरोबर आहे. तरी तिने ती खोडली आणि वर ७ लिहिलं. का, ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे : तुम्ही रागावलात म्हणून. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतः विचार करून काढलेलं बरोबर उत्तर आवाज चढला म्हणून मागे घेतलं, तर ती त्या रात्री केमिस्ट्री शिकली नाही, गप्प बसायला शिकली. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन उत्तरांत अडकली की तिला कशाची आठवण येईल, याचा विचार करा.

आता त्या ७ बद्दल, कारण हा गैरसमज फार जणांचा असतो. आम्ल आणि बेस दोन्ही स्ट्राँग असतील तर २५ अंश तापमानाला समतुल्य बिंदूवर, म्हणजे दोन्ही एकमेकांना नेमके पुरे पडतात तिथे, पीएच ७ येतो. अमोनिया वीक बेस आहे. २५ मिली आम्ल पडलं की सगळ्या अमोनियाचा अमोनियम आयन होतो, आणि तो स्वतः एक सौम्य आम्ल आहे, पाण्याला थोडे हायड्रोजन आयन देतच राहतो. एकूण द्रावण ५० मिली झालेलं, म्हणून अमोनियमची तीव्रता ०.०५ मोलर. अमोनियाचा केबी (बेस किती जोरकस ते सांगणारा स्थिरांक) १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, त्यावरून अमोनियमचा केए (आम्लासाठी तसाच स्थिरांक) ५.६ गुणिले १० चा उणे १० वा घात. अमोनियमची तीव्रता आणि हा केए यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतलं की हायड्रोजन आयनांची तीव्रता मिळते आणि पीएच ५.२८ येतो. पीएच ७ या टायट्रेशनमध्येही येऊन जातो, पण समतुल्य बिंदूच्या जरासा आधी, साधारण २४.८६ मिलीला. म्हणून इथे मिथिल रेड हा दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) वापरतात. फिनॉल्फ्थॅलीन हा दुसरा दर्शक घातला तर जवळजवळ दहावा हिस्सा अमोनिया शिल्लक असतानाच गुलाबी रंग निघून जाईल आणि निकाल तेवढा कमी येईल. तुमच्या मुलीने समासात बारीक अक्षरात ‘मिथिल रेड’ लिहिलंय. तेही तुमच्यामुळे खोडलं गेलं.

तिची एक चूक मात्र आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. ३० मिली आम्ल घातल्यावर ०.५ मिलिमोल (पदार्थाच्या प्रमाणाचं एकक) आम्ल जास्तीचं उरतं. ते तिने ३० मिलीने भागलं, भागायला हवं होतं एकूण ५५ ने. त्यामुळे पीएच २.०४ ऐवजी १.७८ आला. अर्ध्या वाटेवरचं, म्हणजे १२.५ मिली आम्ल पडल्यावरचं ९.२६ तिला अचूक जमलंय, कारण तिथल्या बफरमध्ये (वीक बेस आणि त्याचा आयन यांच्या मिश्रणात) अमोनिया आणि अमोनियम यांचं गुणोत्तर घेताना आकारमान दोन्हीकडून कटतं. तीच सवय पुढच्या पायरीत शिरली. दर पायरीला आधी मिलिमोल, मग एकूण मिली, असं दोन रकान्यांत मांडलं की आठवडाभरात ही चूक जाईल. यावरून झेपत नाही असा निष्कर्ष काढणं साफ चुकीचं आहे.

शाखा बदलू नका. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन फार्मसी किंवा केमिकल इंजिनीअरिंग, नाहीतर सरळ बी.एस्सी. केमिस्ट्री, हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. पण फार्मसी ‘मी ठरवलं’ असं तुम्ही लिहिता आणि तिला काय हवंय याबद्दल पत्रात एक ओळही नाही. या पानावरून मला विश्लेषणात रमणारी मुलगी दिसते. औषधांतले कितीतरी रेणू वीक बेस असतात. त्यांची शुद्धता तपासणाऱ्याला समतुल्य बिंदू नेमका कुठे येतो हे कळावंच लागतं. योहान केल्डालने १८८३ मध्ये नायट्रोजन मोजायची जी पद्धत शोधली, तिच्यात पदार्थातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो टायट्रेशनने मोजतात. अन्नातली प्रथिनं आजही त्या पद्धतीने मोजली जातात. हे तिला सांगा, आवडतंय का ते विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐकून घ्या.

रात्रीची तपासणी आजपासून बंद करा. वही तिच्या शिक्षकांना बघू द्या. आणि तिला स्पष्ट सांगा की ५.२८ बरोबर होतं, माझं चुकलं. मग पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. मला तिच्याशी बोलायचंय.