राउंडला गप्प राहणाऱ्या इंटर्नना स्वतःहून शिकायला कसं लावावं?

राउंडला काही विचारलं की इंटर्न मोबाइल काढून वाचून दाखवतात, आपणहून काही शोधत नाहीत, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्यात मेडिसिन शिकवतो. आधी स्वतःचंच सांगतो: राउंड उरकायच्या घाईत उत्तर सांगून टाकायची खोड मलाच होती. मग मुलं कशाला शोधतील?

2019च्या बॅचपासून एमबीबीएसच्या वेळापत्रकात स्वयंअध्ययनाचे तास आलेत. चांगलंच आहे, पण आमच्याकडे त्यातले बरेच हजेरीपुरते उरतात. खरं शिकणं खाटेपाशीच होतं.

मधुमेहाच्या एका बांना (गुजरातीत आजीबाईंना 'बा' म्हणतात) 'गभरामण' होत होती. इंटर्न दांडिया बाजारातली, घरी मराठी. तिने केसपेपरवर 'अँग्झायटी' लिहून टाकलं. आपल्या 'घाबरण्या'मुळे फसली. गुजराती पेशंट गभरामण म्हणतो तेव्हा धाप, धडधड, घाम, काहीही असू शकतं. मी एवढंच म्हटलं, "बांनाच विचार."

"बा, गभरामण एटले शुं थाय छे?" (गभरामण म्हणजे नेमकं काय होतं?)

हात थरथरतात, घाम सुटतो. आज अगियारस, म्हणजे एकादशी, म्हणून सकाळपासून नुसतं पाणी. मधुमेहाची गोळी मात्र न चुकता घेतलेली! ग्लुकोमीटर तिनेच उचलला. साखर 48, म्हणजे फारच कमी.

ग्लुकोज दिल्यावर बांना तरतरी आली. "सर, सोडू या घरी?" मी म्हटलं, "गोळी कुठली, किती वेळ काम करते, बघून सांग." गोळी ग्लिमेपिराइड निघाली. थोड्या वेळाने तीच आली, "सर, हिचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरेल. ठेवून घेऊ. किडनीचा रिपोर्टही बघते." किडनी कमजोर असेल तर या गोळीचा असर आणखी लांबतो; पण किडनीचं मी विचारलंच नव्हतं.

(पेशंट अत्यवस्थ असेल तर असले प्रश्न नकोत. तिथे सरळ सांगायचं, करून घ्यायचं, विचारायचं नंतर.)

तेव्हापासून प्रत्येकाला एक छोटी वही ठेवायला लावतो. रिपोर्ट यायच्या आधी आपला अंदाज आणि कारण, एका ओळीत. खरं काय निघालं ते दुसऱ्या दिवशी त्याच्याच खाली. खाडाखोड चालणार नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर होते, मग आपापसात पैजा लागतात.

आणि वही तुम्हीही ठेवा, मुलांना दिसेल अशी. गेल्या पावसाळ्यात मी छातीठोकपणे 'डेंग्यू' लिहिलं होतं, निघाला मलेरिया. नवी बॅच आली की जुनी मुलं आधी तेच पान उघडून दाखवतात.