आजोबांची लढाई नातवाच्या पायात

"वडिलांनी लढाईत जे भोगलं, ते पोराबाळांच्या रक्तात उतरतं का हो?" सातारा भागात हा प्रश्न मला नवा नाही. इथल्या अपशिंगे गावातून एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. फौजेतला माणूस नाही असं घर तिकडे शोधावं लागेल.

सुनंदा माझ्याकडे सल्ल्याला आली (नाव आणि काही तपशील बदललेत) ती सात वर्षांच्या मुलासाठी. पोरगा शाळेच्या मैदानावर उतरत नव्हता. गवत दिसलं की आधी बुटाच्या टोकाने चाचपायचा, मग पाय टाकायचा. सासूबाईंचं निदान तयार होतं, "आजोळच्या आजोबांवर गेलाय."

हे आजोबा १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर जाफन्याला होते. श्रीलंकेतल्या त्या मोहिमेत भारताचे हजाराहून जास्त जवान कामी आले. तिथे जमिनीत पेरलेल्या सुरुंगांची धास्ती रोजचीच. आजोबा परतले धडधाकट. पण भुसभुशीत मातीवर आधी स्वतः चालत आणि मुलांना म्हणत, "माझ्या पावलावर पाऊल टाकत या." कारण कधी सांगितलं नाही. सुनंदाला तो खेळ वाटायचा, फक्त पाऊल चुकलं की कानाखाली बसायची.

मी मायलेकांना आमच्या आवारातल्या हिरवळीवर फिरून यायला सांगितलं. सुनंदाने पोराचा हात धरला, स्वतः पुढे झाली आणि चपलेने गवत दाबून पाहिलं. आपण असं करतो हे तिच्या गावीही नव्हतं.

आता रक्ताचं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या बाळांच्या तब्येतीवर मोठेपणीही परिणाम दिसले. नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांमध्ये ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा वेगळ्या आढळल्या. पण तो अभ्यास अगदी थोड्या लोकांवरचा, आणि त्यात जन्मजात किती अन् घरात शिकलेलं किती, हे वेगळं काढणं कठीण. म्हणून मी रक्ताच्या वाटेला फारशी जात नाही. शिवाय रक्तावर ढकललं की घरात कोणी कोणाला काही विचारायला नको, सगळ्यांचीच सोय!

पोराला सुनंदानेच सांगितलं, आजोबा होते तिथे जमिनीत स्फोटकं पुरलेली असायची, आपल्या मैदानात नाहीत. मग तिने मैदानाबाहेरच्या बाकावर बसायचं, पुढे धावायचं नाही, असं ठरलं. पोरगा महिन्याभरात खेळायला लागला. तिची धडधड मात्र चालू आहे, तिला वेळ लागेल.

आजोबांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता येईल असा निरोप धाडला, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही दिला. उत्तर आलं, "मला काय धाड भरलीय?" आल्या त्या आजी. नवरा रात्री दचकून उठतो म्हणून इतकी वर्षं त्याही धड झोपलेल्या नाहीत, आणि हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सध्या दर गुरुवारी त्या येतात.