पणजोबांची 'लॉयल्टी' दोनदा बुडाली ती कशी?

प्रश्न : आमचे पणजोबा मूळचे गुहागरकडचे, दुसऱ्या महायुद्धात तेलाच्या बोटीवर खलाशी होते. आजी सांगायची की त्यांची बोट लॉयल्टी, ती पाणबुडीने दोनदा बुडवली. पहिल्या वेळी पणजोबा तेलाने माखून बाहेर निघाले आणि पुढे आयुष्यभर घरात स्टोव्ह भरायला घेतला की उठून गॅलरीत जायचे. आता माझी मुलगी म्हणते, शाळेत पाच एप्रिलला लॉयल्टी जहाजाची माहिती सांगितली ती तर १९१९ ची आहे. मग आजीने चुकीचं सांगितलं का? एक बोट दोनदा बुडते कशी? आणि तेलाची बोट असून पेटली कशी नाही?
– एक वाचक, माझगाव

उत्तर : आजीचं बरोबर आहे आणि मुलीचंही बरोबर आहे, कारण जहाजं दोन आहेत, नाव तेवढं सारखं. शाळेत सांगतात ती सिंदिया कंपनीची एस. एस. लॉयल्टी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि नरोत्तम मोरारजींनी मिळून काढलेल्या कंपनीची, ती ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ती १९२३ मध्येच भंगारात गेली, तिचा लढाईतल्या पाणबुडीशी काही संबंध नाही.

तुमच्या पणजोबांची जी असावी ती 'ब्रिटिश लॉयल्टी', १९२८ सालची, साधारण सात हजार टनी टँकर, ब्रिटिश टँकर कंपनीची. या कंपनीच्या सगळ्याच जहाजांची नावं ब्रिटिश अमुक, ब्रिटिश तमुक अशी असायची, त्यामुळे घरी बोलताना पुढचा ब्रिटिश गळून नुसतं लॉयल्टी राहिलं असेल तर नवल नाही. आणि या कंपनीच्या बोटींवर भारतीय खलाशी भरपूर असायचे, सारंग, टंडेल, भंडारी, आगवाले अशा हुद्द्यांवर, त्यात आपल्या रत्नागिरीकडची माणसं खूप.

आता पहिलं बुडणं. मे १९४२ मध्ये इंग्रजांनी मादागास्करचं दिएगो सुआरेझ बंदर फ्रेंचांकडून घेतलं आणि तिथे त्यांची रॅमिलीज नावाची मोठी युद्धनौका नांगरून होती, जवळच ही टँकर उभी. ३० मेच्या रात्री जपानच्या आय-२० या मोठ्या पाणबुडीवरून सोडलेली एक छोटी पाणबुडी, आत फक्त दोन माणसं आणि दोन टॉर्पेडो, ती बंदरात शिरली. पहिला टॉर्पेडो रॅमिलीजला लागला, तिला मोठं भगदाड पडलं पण ती तरली आणि नंतर दुरुस्तीला डर्बनला गेली. दुसरा लागला ब्रिटिश लॉयल्टीला आणि ती तिथेच बंदरात बसली. ते दोघे जपानी, अकिएदा आणि ताकेमोतो, पाणबुडी खडकात अडकल्यावर किनाऱ्याने चालत निघाले आणि दोन-तीन दिवसांत इंग्रज सैनिकांशी झालेल्या चकमकीत मारले गेले.

बंदरात बुडाली म्हणूनच ती परत वर काढता आली, भर समुद्रात बुडाली असती तर संपलं होतं. पाणी उपसून तिला तरंगवली आणि मग मालदीवच्या दक्षिण टोकाला अड्डू म्हणून प्रवाळबेट आहे तिथे नेली. तिथे इंग्रजांचा आरमारी तळ होता, अगदी गुपित ठेवलेला, आणि ही बिचारी जायबंदी बोट तिथे तेलाची टाकी म्हणून उभी राहिली, लढाऊ जहाजांनी यायचं आणि तिच्यातून तेल भरून जायचं. तळाच्या तोंडांना टॉर्पेडो अडवायला लोखंडी जाळ्या लावलेल्या होत्या पण एका जाळीत फट राहिली होती. ९ मार्च १९४४ ला जर्मन पाणबुडी यू-१८३, जी मलायातल्या पेनांगहून निघायची, तिने बाहेर समुद्रातूनच त्या फटीतून टॉर्पेडो सोडला आणि तो नेमका हिलाच लागला, आजी म्हणायची तो पाणबुडीचा दुसरा तडाखा हाच. पुढे लढाई संपल्यावर जानेवारी १९४६ मध्ये इंग्रजांनी तिला स्वतःच कायमची बुडवली. आजही ती तिथे तळाशी एका कुशीवर पडलेली आहे, आणि स्कूबावाले बघायला जातात.

पेटली का नाही ते सांगते. लोकांना वाटतं तेल म्हणजे आगपेटी, पण पेट्रोल वेगळं आणि जहाजांच्या बॉयलरला लागणारं जड काळं फर्नेस ऑइल वेगळं, ते चांगलं तापल्याशिवाय पेट घेत नाही. उलट पेट्रोल उतरवून रिकामी झालेली टँकर जास्त घातक, कारण टाक्यांत वाफ साठलेली असते आणि एक ठिणगी पुरते. शिवाय टँकरचं पोट आडव्या-उभ्या भिंतींनी खणाखणांत विभागलेलं असतं, एक खण फुटला तरी बाकीचे तिला धरून ठेवतात. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला जाणारी ओहायो टँकर टॉर्पेडो आणि बॉम्ब खाऊन, शेवटी दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून ओढत आणली तरी पोचली ती यामुळेच.

पण बोट पेटली नाही म्हणजे माणसं सुटली असं नाही हो. ते जड तेल पाण्यावर जाड थरात पसरतं, त्यातून डोकं वर काढलं की डोळे उघडता येत नाहीत, नाकातोंडात जातं, पोटात गेलं की ओकाऱ्या थांबत नाहीत, हात इतके बुळबुळीत होतात की दोर धरला तरी सुटतो. तुमचे पणजोबा स्टोव्ह भरताना उठून जायचे हे वाचून मला काही वेळ पुढचं लिहिताच आलं नाही. घरच्यांना तो स्वभाव वाटला असेल.

याच वाचकांनी शेवटी विचारलंय की पणजोबांचं नाव कुठे मिळेल. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं एका नोंदवहीत आहेत, एक प्रत मुंबईला आणि एक चितगावला. आपले सहा हजारांवर खलाशी त्या लढाईत गेले, हे मुंबईत राहून किती जणांना माहीत असतं! पण त्या वहीत फक्त मेलेल्यांची नावं, पणजोबा परत आले म्हणजे त्यांचं तिथे नसणार, त्यांच्यासोबतच्या कुणाचं मात्र असू शकतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवरही ही नावं फुकट शोधता येतात, जहाजाचं नाव टाकून बघा, आणि माणसाचं नाव टाकायचं तर स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाका, कारण साहेबाच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय, आडनाव बऱ्याचदा नाहीच, नुसतं बापाचं नाव आणि पुढे रत्नागिरी.

परत आलेल्या माणसासाठी मात्र घरातली जुनी ट्रंक उघडा आणि त्यांची नली शोधा, म्हणजे खलाशाचं डिस्चार्ज बुक, त्यात प्रत्येक बोटीचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख शिक्क्यासकट असते. उतरल्याची तारीख मे १९४२ च्या आसपास असेल तर मला फोटो काढून पाठवा.