स्वादाचा प्रयोग उंदरावर कसा करतात?

"उंदीर काही टपरीवर जाऊन स्ट्रॉबेरी की मिंट असं मागत नाही. मग स्वादामुळे निकोटीनचं व्यसन वाढतं, हे त्याच्यावरून कसं ठरवणार?" तुमचा प्रश्न रास्त आहे. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय.

उंदराला निकोटीन आवडतं, हे आधी डोक्यातून काढा. सुरुवातीला ते त्याला नकोसंच होतं. टेनेसी विद्यापीठातल्या हाओ चेन यांच्या गटाने हे छान दाखवलंय. उंदराच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवलेली, समोर चाटायची तोटी. ठरावीक वेळा चाटलं की जिभेवर स्वादाचा थेंब, आणि त्याच वेळी नळीतून निकोटीन थेट रक्तात. निकोटीनची चव लागायचा प्रश्नच नाही. स्वाद गोड ठेवला तर उंदीर ती तोटी टाळायला लागले, बाधलेल्या पदार्थाची आपल्याला शिसारी बसते तसं. शेजारी दुसरा उंदीर तोच स्वाद चाटत असला, की मात्र हेही चाटायला लागायचे! (कॉलेजचा कट्टा आठवला ना?)

मेंथॉलला (पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ) असल्या सोबतीची गरज पडली नाही, उंदीर एकटेच चाटत राहिले. जवळपास वास-चव नसलेलं, नुसता गारवा देणारं डब्ल्यूएस-२३ वापरलं तरी तेच. म्हणजे करामत गारव्याची. असा पेपर हातात आला की मी आधी कंट्रोल गट शोधतो: नळीतून नुसतं सलाईन सोडलं, तर त्याच मेंथॉलसाठी उंदीर किती चाटतो? हा आकडा नसेल तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही.

मार्शल विद्यापीठात ब्रँडन हेंडरसन यांच्या गटाने हिरव्या सफरचंदाच्या स्वादातलं फार्नेसिन हे रसायन छोट्या जातीच्या उंदरांना (माइस) टोचलं. निकोटीन नसतानाही उंदीर पिंजऱ्याच्या ज्या कप्प्यात ते मिळालं होतं तिथेच जास्त रेंगाळले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण पोटात टोचणं म्हणजे व्हेप (ई-सिगारेट) ओढणं नव्हे, हे विसरू नका.

हे गुटख्याला लागू होतं का, असंही विचारलंत. सरळसरळ नाही. मेंथॉल त्यातही असतं, पण तिथे चुनाही असतो. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं. वरच्या प्रयोगांत चुना कुठेच नव्हता, त्यामुळे त्यासाठी मांडणीच वेगळी करावी लागेल.