वाचक विचारतात : नुसती सुपारी चालेल का?

प्रश्न : धाकटा भाऊ बारा वर्षांपासून खर्रा (तंबाखू-चुना घालून घोटलेली सुपारी) खातो. आता तिखट भाजीचा घास घेतला की तोंडात आग होते, जांभई देतानाही तोंड पुरतं उघडत नाही. पानठेलेवाला म्हणतो, ‘तंबाखू काढून नुसती सुपारी घोटून देतो.’ चालेल का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नाही. तोंड आवळण्याचा हा आजार मुळात सुपारीचाच आहे. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या नाजूक आवरणाखाली चिवट तंतू साचत जातात. आधी जळजळ, मग गाल आतून पांढुरके, मग बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. तंबाखूमुळे कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, पण नुसती सुपारीही कॅन्सर करते. मीठी सुपारी, सुगंधी सुपारी, सगळ्या त्यातच आल्या.

भावाला त्याचीच मधली तीन बोटं जुळवून, एकावर एक येतील अशी, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर तोंड बरंच आवळलंय. खर्रा सोडल्यावर गेलेली जागा आपोआप परत येत नाही, पण पुढचं आवळणं मंदावू किंवा थांबू शकतं. म्हणून दोन बोटांवर असतानाच सोडणं मोलाचं. तोंड उघडण्याचे व्यायाम असतात (आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून एकेक वाढवत जायचं), ते दंतवैद्यांकडून शिकून घ्या. जोर केला तर आत फाटतं. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, गळ्यात गाठ, यांपैकी काही दिसलं तर थेट जिल्हा रुग्णालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात : चिडचिड, झोप नाही, डोकं दुखतं. तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरती बडीशेप किंवा भाजलेले तीळ तोंडात टाका. लवंग नको, आग होईल. निकोटीनचं च्युइंगम आवळलेल्या तोंडाला जड जातं, त्याऐवजी कातडीवर लावायच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्याचा सल्ला मिळतो. आणि खिशातली खर्र्याची पन्नी आधी बाहेर काढा. ‘संपेपर्यंत खातो’ म्हणणाऱ्याची पन्नी कधी संपत नाही.

प्रश्न : आईचा बीपी उपकेंद्रात नॉर्मल आला. गोळी बंद करावी का?

उत्तर : गोळीमुळेच तो नॉर्मल आला आहे. मनाने बंद केली की काही दिवसांत पुन्हा चढतो, आणि आईला ते जाणवेलच असं नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, गुडाखू नको. लघवीला जाऊन पाच मिनिटं पाठ टेकून बसावं. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, पदरावरून नव्हे.

मिठाचा हिशोब पिशवीवरून करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवं, लोणचं, पापड, कुरड्यांतलं मीठ धरून. किलोची पिशवी वीस दिवसांत संपत असेल तर माणशी १२ ग्रॅमच्या वर चाललंय. सैंधव हेही मीठच.

प्रश्न : वावरात राबणाऱ्याला शुगर होते का?

उत्तर : होते. निंदण-वेचणीत अंग राबतं, पण कोरडवाहू शेतकऱ्याचे उन्हाळ्याचे महिने बरेचदा पारावर जातात, ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. तिशी ओलांडली असेल, घरात कुणाला शुगर असेल किंवा कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त (बाईची ८०) असेल, तर उपाशीपोटी रक्त तपासा. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. तपासणीच्या सकाळी चहा नको, बिनसाखरेचाही.