समाजशास्त्र घ्यायचं म्हणते, पण पुढे काय?

"मॅडम, हिला समाजसेवा करायची आहे. करू दे, माझी ना नाही. पण आधी पोटापाण्याचं बघू दे." खुर्चीत बसता बसता वडिलांनी सांगून टाकलं.

"बाबा, समाजसेवा नाही, समाजशास्त्र," मुलगी हळूच म्हणाली. हे वाक्य घरात बऱ्याचदा बोलून झालं असावं, कारण तिच्या आवाजात आता चीडही उरली नव्हती.

तिचं पदवीचं पहिलं वर्ष संपलं होतं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या तिघांतला एक मुख्य विषय म्हणून निवडायचा होता आणि फॉर्म भरायला नऊ दिवस उरले होते. समाजशास्त्राचं नाव काढलं की पालक हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून या दोघांची गोष्ट त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने इथे लिहिते आहे.

समाजकार्य आणि समाजशास्त्र यांतला घोटाळा आधी सोडवावा लागतो. समाजकार्यात अडचणीतल्या माणसाला, कुटुंबाला, वस्तीला मदत कशी करायची हे शिकवतात आणि ते काम प्रत्यक्ष करूनही घेतात. समाजशास्त्र विचारतं की ही अडचण याच माणसांच्या वाट्याला का आली, शेजारच्यांच्या का नाही. एमिल डरखाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येसारखी अगदी एकट्याची वाटणारी गोष्ट अभ्यासाला घेतली. वेगवेगळ्या समूहांत तिचं प्रमाण वेगवेगळं असतं, पण त्या त्या समूहात ते वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, असं का, हा त्याचा प्रश्न होता. एवढं सांगितल्यावर वडील म्हणाले, "ठीक आहे. पण असे प्रश्न विचारण्याचे पैसे कोण देतं?"

मी त्यांची समजूत घालायला गेले नाही, कारण काळजी खोटी नव्हती. या पदवीला नोकरीची पाटी लावलेली नसते. प्राध्यापक व्हायचं किंवा संशोधनात टिकायचं तर पुढचं शिक्षण लागतंच. समाजशास्त्राचे पदवीधर म्हणून मोठी नावं सांगून पालकांना दिपवणंही मला पटत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९४८ मध्ये आणि मिशेल ओबामा यांनी १९८५ मध्ये याच विषयात पदवी घेतली हे खरं. पण त्यानंतर एकाने धर्मशास्त्र शिकलं, दुसरीने कायदा, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मग मी वडिलांना सहज विचारलं, "तुम्हाला पहिली नोकरी कशी लागली?"

"मेहनतीने. दुसरं काय?"

मी पुढे बोलणार तोच मुलीने विचारलं, "पण बाबा, तिथे जागा आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

ते थांबले. आठवून आठवून सांगू लागले. वर्गमित्राच्या थोरल्या भावाने सांगितलं होतं.

"त्याची तुमची मैत्री होती?"

"छे. वर्षा-सहा महिन्यांनी कधीतरी दिसायचा. आदल्या आठवड्यात बसथांब्यावर भेटला, तेव्हा नोकरी शोधतोय म्हणालो होतो."

"आणि जवळच्या मित्रांनी नाही सांगितलं?"

"त्यांना कुठून माहीत असणार? आम्ही सगळे त्याच चार ठिकाणी खेटे घालत होतो."

मी पेन खाली ठेवलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली जे मांडलं, ते या माणसाने अनुभवातून एका वाक्यात सांगितलं होतं. बॉस्टनच्या एका उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांकडून त्याने माहिती घेतली. ओळखीतून नोकरी मिळालेली त्यात ५४ माणसं होती. खबर देणारा माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा, असं त्याने विचारलं. वरचेवर भेटणारा होता असं फक्त ९ जणांनी सांगितलं. ३० जणांचा अधूनमधून भेटणारा होता आणि १५ जणांचा क्वचितच. कारणही साधंच. जवळच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून.

वडील मन लावून ऐकत होते. मुलीच्या कपाळाला मात्र आठी पडली. "चोपन्नच माणसं? तीही एकाच गावातली?"

खरं सांगते, मला त्या क्षणी फार आनंद झाला. ज्ञानाचा आदर ठेवूनही त्याला असं अडवायला शिकणं, हाच या विषयाचा गाभा आहे असं मी मानते. मी तिला सांगितलं की ही शंका इतरांनाही आली. २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळावरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणाला कोणाची ओळख सुचवायची, हे त्यांत संशोधकांनी वेगवेगळ्या गटांसाठी बदलून पाहिलं होतं. दूरच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात हे खरं ठरलं, पण अगदीच नावापुरत्या ओळखी नव्हेत, मधल्या अंतरावरच्या.

"हे असं विचारायचं तुला कोणी शिकवलं?" वडिलांनी तिला विचारलं.

"पहिल्याच सत्रात होतं, बाबा. नमुना निवड. म्हणजे कोणाला आणि किती जणांना विचारायचं ते."

नंतर वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, कारण तिची बाजू अजून बाहेर आली नव्हती. एकटी असताना तिने कबूल केलं की अर्थशास्त्र नको, कारण त्यात गणित आहे. समाजशास्त्रातही संख्याशास्त्राचा पेपर आहे, पण तो ऐच्छिक असल्यामुळे टाळता येईल, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला सांगितलं होतं.

इथे मी कडक झाले. "संख्याशास्त्र चुकवायला समाजशास्त्र घेणार असशील, तर घेऊ नकोस."

हे माझं ठाम मत आहे आणि ते मुलांना बघून बनलं आहे. तीन वर्षं कॉम्ट, मार्क्स, वेबर या जुन्या विचारवंतांच्या व्याख्या पाठ करून पास झालेली मुलं मुलाखतीला जातात, "तुम्हाला काय करता येतं?" असं विचारल्यावर गप्प होतात आणि मग माझ्याकडे येतात. त्याच वर्गातली, संशोधन पद्धतीचा पेपर मनापासून केलेली मुलं सर्वेक्षण, सार्वजनिक आरोग्य, मनुष्यबळ, पत्रकारिता, ग्राहक वस्तू कशी वापरतात याचा अभ्यास, अशा ठिकाणी जागा शोधू शकतात. त्यांच्यापाशी स्वतः केलेलं काहीतरी दाखवायला असतं. सिद्धांत वाचूच नका असं मी म्हणत नाही. डरखाईम वाचल्याशिवाय कशाची मोजणी करायची हेच कळत नाही. पण मोजायला भिणाऱ्याच्या हातात नुसते शब्द उरतात. तिला मी सांगितलं की संख्याशास्त्राचा पेपर घे, आकडे संगणकावर मांडायला शीक आणि पदवी संपण्याआधी एक छोटा अभ्यास पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या अहवालापर्यंत स्वतः कर.

तिने फॉर्ममध्ये समाजशास्त्र भरलं, सोबत संख्याशास्त्राचा पेपरही. पहिल्या चाचणीत कसेबसे पासापुरते गुण पडले, तेव्हा रडत फोन आला होता. पेपर सोडला मात्र नाही.

दीड वर्षाने ती वडिलांना घेऊन पुन्हा आली. हातात प्रश्नावली होती. शिकता शिकता नोकरी करणारी मुलं अभ्यासाला वेळ कुठून काढतात, हा तिचा विषय. चौथा प्रश्न असा होता: "काम करून तुम्ही थकता आणि अभ्यासाला वेळ मिळत नाही, हे खरं ना?" मी काही म्हणण्याआधी तीच म्हणाली, "यात दोन प्रश्न एकात आहेत आणि उत्तर मीच त्यांच्या तोंडी घालतेय. हा फोडला." सहाव्या प्रश्नाने तिला जास्त शिकवलं होतं. "तुम्ही रोज अभ्यास करता का?" असं तिने आधी दहा मुलांना विचारून पाहिलं. दहाही जणांनी "हो" वर खूण केली. मग तिने प्रश्न बदलला, "काल तुम्ही किती मिनिटं अभ्यास केला?" आणि आणखी दहा मुलांना दिला. चौघांनी शून्य लिहिलं.

"खोटं बोलत नव्हती ती मुलं," ती म्हणाली. "मी प्रश्नच असा विचारला होता की नाही म्हणायची लाज वाटावी."

वडिलांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि सहावा प्रश्न दोनदा वाचला. "आणि काल रविवार असेल तर?"

तिने माझ्याकडे पेन मागितलं, "काल" खोडलं आणि त्या जागी सात वारांचे सात चौकोन आखायला बसली.