पगाराच्या स्लिपवरचे १४० रुपये

प्रश्न : मी बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो, वय ३८, राहायला खानापूर तालुक्यात. पगार १८,६००, हातात साडेसोळा हजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो. परडी भरायला स्वयंपाक चालू असताना नव्या घडीच्या गॅस शेगडीचा कॉक निघाला आणि भडका उडाला. बायकोचा उजवा हात आणि मान भाजली. बिल १ लाख ८० हजार झालं. तिच्या पाटल्या आणि गंठण सोसायटीत ठेवून भरलं, व्याज महिन्याला दीड टक्का. आता दुकानदार ६० हजार देतो म्हणतो, पण शेगडी परत करायची आणि ‘काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं. ओळखीचे एक जण म्हणतात, केस केली तर २५ लाख मिळतील. तसं असेल तर मच्छेला प्लॉट बघून ठेवू का? २०२२ पासून वर्षाला ३० हजारांची पॉलिसी भरतोय. एजंट म्हणाला होता त्यात दवाखानाही आहे, पण कंपनीने नाही म्हटलं. शेगडीच्या पेटीवर कंपनीचं नाव नाही. दुकानाचं ३,२०० रुपयांचं बिल आणि पगाराची स्लिप जोडतो.

उत्तर : सही करू नका आणि शेगडी तर अजिबात देऊ नका. तुटलेला कॉक हाच तुमचा पुरावा आहे, ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. आहे तशी पोत्यात बांधून ठेवा, फोटो काढा, पुसू नका, दुरुस्त करू नका.

पेटीवर कंपनीचं नाव नसल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय. तोच तुमचा हुकमाचा पत्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी येते. बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर ती विकणाऱ्यावर येते. दुकानदार साठ हजार हातावर ठेवायला का धावतोय, ते आता समजलं असेल. तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकील घेतलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी २०२७ उजाडेपर्यंत थांबायचं नाही. दवाखान्याचे कागद, पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत, दुकानाचं बिल हे सगळं जोडा. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या, मराठी कागदांचं भाषांतर सोबत लावा. भाषेच्या वादात तारखा घालवण्याची ही जागा नव्हे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : सिलिंडर कुठला? वितरकाकडचा पावतीसह घेतलेला असेल तर ठीक, आणि मग तेल कंपन्यांच्या अपघात विम्यासाठी वितरकाला लेखी कळवायलाही हवं होतं. अजून कळवलं नसेल तर उद्या कळवा. पण कुठल्या टपरीवर भरून घेतलेला असेल, तर समोरचा वकील वस्तूचा गैरवापर झाला म्हणेल, कारण त्या कारणावर विक्रेता सुटू शकतो.

आता २५ लाख. हा आकडा कुठून आला? बिल १.८० लाख, पुढच्या उपचारांचा डॉक्टरांकडून लेखी अंदाज घ्या, तो पन्नासएक हजार धरू, वर मनस्तापाचे आणि खर्चाचे काही. बुडालेली कमाईही मागता येते, पण तिच्यावर वाद होतो. माझ्या हिशेबाने तीन लाखांची मागणी नीट उभी राहते. पंचवीस मागितलेत तर तीनाचीही किंमत उतरेल. प्लॉट विसरा. ज्याने आकडा सांगितला त्याला तो लिहून द्यायला सांगा, मग बघा.

खरा घोळ तुमच्या स्लिपवर आहे. ‘ईएसआय १४०’, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. हे दर महिन्याला कापले जातात, मालक त्याच्या चौपटीहून जास्त वेगळे भरतो. पगार २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगाराला, आणि त्याच्या बायकोमुलांनाही, त्यातून उपचार मिळतात. बेळगावात ईएसआयचं रुग्णालय आहे. तुम्ही गंठण गहाण ठेवायला सोसायटीच्या पायऱ्या चढत होतात, तेव्हा ई-पहचान कार्ड बहुधा ट्रंकेत पडलं होतं. फाउंड्रीतल्या हिशेबनिसाने, मालकाने, कुणीही सांगितलं नाही, याचा मला राग आहे. तातडीत खाजगीत नेल्याची कारणं आणि मूळ बिलं घेऊन ईएसआयच्या कचेरीत परताव्याचा अर्ज करा. पूर्ण रक्कम मिळेल असं मी सांगणार नाही. मिळेल तेवढी रक्कम आयोगापुढच्या मागणीतून वजा करा, तेच बिल दोन्हीकडे लावू नका. आणि हाताचे पुढचे सगळे उपचार कार्डावर. घरात बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचीही चौकशी करा.

पॉलिसी. ‘बचतही, विमाही, दवाखानाही’ असं विकणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. तुम्ही तीन वर्षांत ९० हजार भरलेत, विमा तीन लाखांचा आणि दवाखाना शून्य. आता मोडली तर किमान ३५ टक्के, म्हणजे साडेएकतीस हजार हाती येतील. ५८ हजार गेले म्हणून हळहळाल, पण हळहळ टाळायला पुढचे तीस हजार घालू नका. मोडा. तोवर बँकेत ४३६ रुपयांची जीवनज्योती (जीवन विमा) आणि २० रुपयांची सुरक्षा विमा (अपघात विमा) घ्या, दोन्ही वर्षाच्या, दोन-दोन लाखांच्या. नंतर साधा टर्म विमा.

आता दागिने. दीड टक्का महिना म्हणजे वर्षाला १८, तुमचे ३२ हजार नुसत्या व्याजात. राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण साडेनऊच्या आसपास धरलं तर १७ हजार. पॉलिसीचे एकतीस हजार मुद्दलात घालून उरलेलं दीड लाख तिकडे हलवा, व्याज १४ हजारांवर येतं. हप्त्याचे महिना अडीच हजार वाचले, तेही मुद्दलात घाला.

हे केस लढण्यासाठीच सांगतोय. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिलेत, मी दोन वर्षं धरतो. सोसायटीच्या व्याजावर त्या दोन वर्षांत ६५ हजार जातात, म्हणजे दुकानदाराचे साठ हजार तुम्ही व्याजातच फेडलेत. असा माणूस सहाव्या महिन्यात साठाला सही करतो, आणि दुकानदाराला ते माहीत आहे. बँकेच्या व्याजावर तुम्ही थांबू शकता.

तडजोड वाईट नाही. नोटीस गेल्यावर तो १ लाख ८० हजारांच्या आसपास आला, तर मी घ्या म्हणेन, कारण पैसे आज मिळतील आणि दागिने घरी येतील. सव्वा लाखाला नाही म्हणा. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय शेगडी पोत्यातून काढायची नाही.